तळीचा राखणदार

सर माणसाचा वास घ्यायचे. कुणी जवळ आला की आधी हुंगायचे, मग बोलायचे. स्टाफरूममध्ये मी पहिल्यांदा त्यांच्या शेजारी बसलो तेव्हा त्यांनी माझ्या बाहीजवळ नाक आणलं आणि विचारलं, "चंदनाचो साबण?" मी हो म्हटलं. "मग तुमचो काय उपयोग नाय," असं म्हणून ते परत वर्तमानपत्रात शिरले. उपयोग कशासाठी नाही, हे मला कळायला पुढचं वर्ष उजाडावं लागलं.

मी बंदरपट्टीतला. होड्या, जाळी आणि मासळी यांपलीकडे मला निसर्ग म्हणून काही ठाऊक नव्हतं. आंबोली घाटाच्या पायथ्याच्या हायस्कूलमध्ये गणिताची नोकरी लागली म्हणून इकडे आलो. सर तिथे शास्त्र शिकवायचे. लग्न केलेलं नव्हतं. बाजारात एका दुकानाच्या माळ्यावर राहायचे, आणि खालच्या दुकानदाराशी त्यांचा कायमचा अबोला होता, कारण त्याने कधी काळी घोरपड मारून खाल्ली होती. वर्गात बोलायचे ती मराठी इतकी शुद्ध की पोरं बावरायची. वर्गाच्या उंबरठ्याबाहेर पाय पडला की मालवणी.

देवधर्माचं त्यांना वावडं होतं. प्रसाद पुढे केला तर घ्यायचे, चवीने खायचे आणि वर म्हणायचे, "साखर बरी आसा. देवाचा माका म्हायत नाय." दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर बाजाराने त्याला जगू दिलं नसतं. सरांना मात्र सगळं माफ होतं, कारण हा माणूस खोटं बोलत नाही अशी त्यांची ख्याती होती. तपासणीला आलेल्या साहेबांना मुख्याध्यापकांच्या देखत त्यांनी स्वतः सांगितलं होतं की प्रयोगशाळेच्या कपाटात रिकाम्या बाटल्या आहेत आणि त्यांतल्या दोन सरबताच्या आहेत. त्या दिवसापासून अख्खा बाजार म्हणायचा, मास्तर तोंडाचो वायट, पण खोटां बोलाचो नाय. पुढे सगळ्याचा सत्यानाश झाला तो याच ख्यातीमुळे.

मी साबण सोडला, तेल सोडलं, तेव्हा त्यांनी मला तळीवर नेलं. एसटीतून उतरून काजूच्या बागा ओलांडल्या की पायथ्याशी एक लहानसं गाव लागतं. त्याच्या डोक्यावर चढ आहे, मग दाट रान, आणि रानात खोलगट जागेत ही तळी. लहानशीच. एका काठावरून हाक मारली तर दुसऱ्या काठावर ऐकू जाईल एवढी. वर तळी आहे हे गावाला माहीत होतं, पण तिथे कुणाचं शेत नाही, बाग नाही, म्हणून कुणाचं काम नाही. तळीच्या अलीकडे एक काळा कातळ आहे. तिथे पोचल्यावर सर थांबले, पायांतल्या चपला काढून पिशवीत घातल्या आणि हळूच म्हणाले, "आता आपण हंय नाय." त्यानंतर बोलणं बंद, शिंकणं बंद, मच्छर मारणंही बंद.

तंबू म्हणजे चिखलाच्या रंगाची एक जुनी ताडपत्री. चूल नाही, विजेरी नाही. खायला भिजवलेले पोहे, गूळ आणि ओला नारळ. मी आपला घरच्या सवयीने केळीच्या पानात भाजलेला सुका बांगडा बांधून आणला होता. सरांना तो पिशवीतूनच कळला. त्यांनी मला हाताने खूण केली, परत जा. मी रान उतरलो, बागा ओलांडल्या आणि एसटीच्या थांब्यावर एका कुत्र्याला तो बांगडा खाऊ घालून पुन्हा चढून आलो. बांगड्यासाठी एवढी पायपीट आमच्या सात पिढ्यांत कुणी केली नसेल. वर आल्यावर त्यांनी माझे हात हुंगले आणि चिखलाने धुवायला लावले.

संध्याकाळ झाली की सर हजेरी घ्यायचे. पाण्याकडे तोंड करून, शाळेतल्याच सुरात पण ओठांतल्या ओठांत. "ककणेर?" म्हणायचे. ककणेर म्हणजे धनेश, डोक्यावरून पंखांचा मोठा आवाज करत जाणारा. तो गेला की सर म्हणायचे, "हजर." मग शेकरू, मग अडया, म्हणजे शीळ घालणारी रानबदकं, मग पलीकडच्या वडातली माकडं. पाणमांजरं आली नाहीत तर कपाळाला आठ्या घालून म्हणायचे, "गैरहजर. पालकांक बोलवूक व्हया." मला हसू फुटायचं आणि हसायची सोय नसायची. शर्टाचा बोळा तोंडात कोंबून मी हसलेला आहे.

पण त्या पहिल्या पहाटे मी जे पाहिलं ते सांगितलंच पाहिजे. धुकं पाण्यावरून सरकत होतं आणि त्यातून गवे उतरले. आधी नुसते पाय दिसले, गुडघ्यापर्यंत पांढरे, मोजे घातल्यासारखे. मग वरचं ते डोंगराएवढं काळं अंग. कळपातल्या वासराने पाण्यात तोंड घातलं आणि नाकात पाणी गेल्यावर फुरफुरलं. डाव्या हाताला सशाएवढं हरीण, पिसोरी, अंगावर ठिपके, आमच्यापासून अगदी जवळ येऊन पाणी पीत होती. तिची जीभ दिसत होती. पाणमांजराची मादी पिल्लाला मानगुटीला धरून काठच्या दगडावर चढली, ते पुन्हा घसरून पाण्यात पडलं, तिने पुन्हा काढलं. मला रडू आलं. सरांकडे पाहिलं तर ते माझ्याकडेच बघत होते, आणि त्यांचा चेहरा मी तोवर कधी पाहिला नव्हता इतका मऊ झाला होता.

उतरताना मी म्हटलं, सर, पोरांना एकदा इथे आणा. पुस्तकातली सगळी प्रकरणं इथे पाणी प्यायला येतात. तो मऊपणा झर्रकन गेला. "पोरां म्हणजे उद्याची माणसां," ते म्हणाले. "माणसां हंय नको." गावातली पोरंसुद्धा नकोत का, असं मी विचारलं. ती तर मुळीच नकोत, असं त्यांचं म्हणणं. त्यांना तळीची गोडी लागली तर ती रोज येतील, आणि रोज येणारा माणूस आज ना उद्या काहीतरी मारतोच. अशा वेळी हा माणूस मला सहन व्हायचा नाही. रोज ज्या पोरांना शिकवायचं त्यांच्याविषयी असं बोलताना त्यांची जीभ अडखळायची नाही, आणि मी ते तोंडावर सांगितलं तर म्हणायचे, मग तुमी येव नकात.

एका उन्हाळ्यात बाजारातली काही टोळकी बार घेऊन वर गेली. बार म्हणजे सुरुंगाची दारू. वात पेटवून पाण्यात टाकायची, धमाका झाला की मासे पोट वर करून तरंगतात, ते गोळा करायचे. सर त्या दिवशी उशिरा पोचले. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात आले तेव्हा त्यांच्या पिशवीत पाणमांजराचं पिल्लू होतं, नाकातोंडातून रक्त आलेलं. ते त्यांनी माझ्या अंगणात पुरलं. मग खेटे सुरू झाले. या कचेरीतून त्या कचेरीत. तिथे वर्गातली मराठी बोलून बोलून त्यांच्या तोंडाला फेस आला. एकाने सांगितलं ही जागा आमच्याकडे नाही, दुसऱ्याने सांगितलं आमच्याकडेही नाही, तिसऱ्याने चहा पाजला आणि आपल्या मुलाला शास्त्रात किती मार्क पडतील ते विचारलं.

पावसाळा संपल्यावर एक दिवस ते म्हणाले, रजा टाका. व्हाळात, म्हणजे ओढ्यात, उतरून त्यांनी बराच वेळ दगड पाहिले आणि एक लांबट, वर निमुळता झालेला धोंडा निवडला. तो आम्ही आळीपाळीने खांद्यावरून वर नेला. कातळाजवळ, वाट संपते तिथे जांभळीच्या बुंध्याशी त्यांनी तो उभा केला. पिशवीतून शेंदूर काढला, तेलात कालवून फासला. तांबडा कपडा गुंडाळला. पुढ्यात विड्यांचा एक कट्टा आणि नारळ ठेवला. आमच्याकडे जागेजागेला ती सांभाळणारा देव, राखणदार, असतो, आणि त्याला विडी लागते हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, सर, तुम्ही? ते हात पुसत म्हणाले, "कायदो वाचूक येवक व्हयो. भियाक शिक्षण लागना नाय."

दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडे दाढीला बसून त्यांनी एकदाच, अगदी नाइलाजाने सांगितल्यासारखं सांगितलं. तळीवर ऐन दुपारी एक उंच माणूस आडवा आला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. म्हणाला, कोणाक इचारून इलंस? आणि दिसेनासा झाला. एवढंच. वर म्हणाले की माझा या गोष्टींवर विश्वास नाही, डोळ्यांचा दोष असेल. हे वरचं वाक्य जालीम होतं. आयुष्यात देवाला हात न जोडलेला, कधी खोटं न बोललेला माणूस हे सांगतोय म्हटल्यावर संध्याकाळपर्यंत बाजारात घोंगडीचा रंगसुद्धा ठरला होता. बार टाकणाऱ्यांपैकी एकाला त्याच आठवड्यात ताप भरला. तापाचे दिवसच होते, पण हे कोण लक्षात घेतो.

पुढची काही वर्षं तळीला सोन्याची गेली. कातळापलीकडे कुणी पाऊल टाकीना. पाणमांजरं दुप्पट झाली, सांबरं भर दुपारी पाण्यात बसायला लागली, अस्वलाच्या पायाचे ठसे दिसले. सर हजेरी घ्यायचे ती संपता संपायची नाही. त्या धोंड्याला ते "आमचो शिपाय" म्हणायचे आणि येताजाता त्याच्यापुढची एक विडी उचलून खिशात घालायचे. ओढायचे मात्र उतरल्यावर, रस्त्याला लागल्यावर. इतकं खूश मी त्यांना त्याआधी आणि त्यानंतर पाहिलं नाही.

पायथ्याच्या गावात त्यांचाच एक जुना विद्यार्थी होता. बांधकामाची कामं घेणारा, सरळ, मेहनती. त्याच्या बायकोची मुलं जगत नव्हती. सगळे उपाय झाले, तेव्हा तो कातळापर्यंत गेला आणि त्याने सरांच्या धोंड्याला नवस केला. मुलगी झाली आणि जगली. तो पेढे घेऊन शाळेत आला, सरांच्या पाया पडला, म्हणाला की तुमच्यामुळे राखणदार कळला. सरांचा चेहरा पांढराफटक पडला. हे डॉक्टराने केलं, असं ते परत परत सांगू लागले. तो हसून म्हणाला, डॉक्टर तरी कुणी दाखवला? त्या दिवशी सरांनी पेढा खाल्ला नाही.

मग नारळ वाढले. कोंबडे आले. धोंडा उन्हापावसात बसतो म्हणून छप्पर हवं झालं, आणि त्यासाठी कौल घेतला. आमच्याकडे देवाला विचारतात ते असं. दगडाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं. उजवी कळी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. छपराला उजवा पडला. रस्त्याला उजवा पडला. पाण्यात उतरायला पायऱ्या हव्यात का, उजवा. तो विद्यार्थी आता सरपंच झाला होता, आणि खरं सांगायचं तर गावाचं त्याने भलंच केलं. पोरं मुंबईला जायची थांबली. तळीच्या काठावर नारिंगी तंबू उभे राहिले, कमानीवर राखणदार लेक कॅम्प असं लिहिलं गेलं, आणि शनिवार-रविवारी पुण्या-कोल्हापूरच्या गाड्यांना उभं राहायला जागा उरली नाही. लोक माशांना कुरमुरे घालायचे, आकाशात ड्रोन सोडायचे, पायऱ्यांवर बसून मोबाइलवर रील करायचे. पाण्यावर तेलाचा तवंग आणि कोंबड्यांची पिसं. सर अजूनही जायचे. पलीकडच्या काठाला ताडपत्री बांधून संध्याकाळी हजेरीला बसायचे. मी शेवटचा बरोबर होतो तेव्हा त्यांनी ककणेरापासून एकेक नाव घेतलं, प्रत्येकाची वाट पाहिली आणि कुणाच्याच नावापुढे काही म्हटलं नाही. स्पीकरवर कुणाच्या तरी वाढदिवसाचं गाणं चाललं होतं.

निवृत्त झाले त्याच वर्षी ते गावाच्या बैठकीत गेले. मला सोबत नेलं. देवळापुढे सगळं गाव बसलं होतं. सर उभे राहिले आणि म्हणाले, "तो धोंडो मी बसयलंय. व्हाळातलो धोंडो, बाजारातलो शेंदूर. घोंगडीवालो माणूस मी बघूक नाय. मी खोटां बोल्लंय." माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, हे होते बरोबर, विचारा. मी उठून सांगितलं, खरं आहे, आम्ही दोघांनी वाहून नेला.

मला वाटलं होतं गाव अंगावर येईल. पण बायकांनी डोक्यावरून पदर घेतले. सरपंचाने हात जोडले आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "सर, व्हाळात इतके धोंडे. तुमी तोच उचललात. कोणी उचलूक लायल्यान?" सभेत होय होय झालं. देव न मानणाऱ्या माणसाच्या खांद्यावर बसून देव वर गेला, याहून मोठा पुरावा त्यांना नको होता. सर संतापले. मूर्ख म्हणाले, अडाणी म्हणाले, मी तुम्हाला काय शिकवलं म्हणाले. ते थांबेपर्यंत सरपंच मान खाली घालून उभा राहिला. मग म्हणाला, "तळी आमच्या डोक्यार. पण तुमी आमका एकदा पण थंय न्हेलात नाय, सर. राखणदारान न्हेल्यान."

मला त्या सरपंचाचा राग यायला हवा होता, आणि आला तो सरांचा. पोरांची एकच सहल त्यांनी वर नेली असती, पिसोरीची जीभ एकदा दाखवली असती, तर यांतल्या निम्म्यांना राखणदाराची गरज पडली नसती. तो राग अजून गेलेला नाही. गावाने मात्र मोठ्या मनाने त्यांना राखणदाराच्या जत्रेतल्या पहिल्या नारळाचा मान दिला. तो घेऊन घरी माणूस आला तेव्हा सरांनी दार उघडलं नाही.

एवढं होऊनही ते तळीवर जायचे राहिले नाहीत. दाढी वाढलेली, अंगाला साबण नाही, झाडीत ताडपत्रीखाली बसलेला म्हातारा. तंबूतली माणसं घाबरायची, काहीजण त्यांचे व्हिडिओ काढायचे. जत्रेच्या दिवशी सकाळी सरपंच स्वतः पलीकडच्या काठावर आला. आता कॅम्पच्या जागेशिवाय कुणी राहू नये असं ठरलंय, पाहुणे तक्रार करतात, तुम्हाला हवा तो तंबू फुकट देतो, पण इथे नको, असं त्याने पुन्हा पुन्हा समजावलं. सर म्हणाले, उठत नाही. गुरूला हात धरून उठवायचं पाप त्याला करायचं नव्हतं. शेवटी तो म्हणाला की आपण देवाला विचारू. सर मोठ्याने हसले. त्या हसण्यानेच झाडावरची उरलीसुरली माकडं पळाली. "इचारा," ते म्हणाले.

सगळी जत्रा छपराभोवती गोळा झाली. धोंड्याला आता चांदीचे डोळे होते. गुरवाने कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, की बा राखणदारा, ज्या मास्तरांच्या हातून तू बसलास ते पूर्वीसारखे तुझ्या तळीवर राहू मागतात, ते तुला मान्य असेल तर उजवा दे. लोक म्हणाले, व्हय म्हाराजा. सर पहिल्या रांगेत उभे होते आणि कळ्यांकडे टक लावून बघत होते. देव न मानणाऱ्या माणसाने इतकं टक लावून बघायला नको होतं.

डावी कळी पडली. लोकांत कुजबुज झाली. गुरवाने पुन्हा लावल्या, पुन्हा गाऱ्हाणं घातलं. पुन्हा डावी. सरपंचाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने सरांचे पाय धरले. सरांनी त्याला उठवलं, पलीकडे जाऊन ताडपत्री सोडली, नीट घडी घातली आणि वाट धरली.

मी मागून जवळजवळ धावत होतो. मी चिडलो होतो, ओरडून बोलत होतो. म्हटलं, सर, तुम्हीच उचललेला धोंडा, तुम्हीच फासलेला शेंदूर, आणि त्याचा कौल तुम्ही मानता? चला परत, बघू कोण उठवतो. ते थांबले नाहीत.

"माणूस हंय येवक नको म्हणान मीच तेका बसयलंय," ते म्हणाले. "एकाक तरी तेणा अडयल्यान."

आम्ही चढ उतरत होतो तेव्हा वर स्पीकरवरून गुरवाचा आवाज आला. पुढचं गाऱ्हाणं पलीकडच्या काठावर, सर उठले त्या जागी, नवे तंबू घालण्याचं होतं. व्हय म्हाराजा झालं, आणि मग ढोल वाजले. उजवा पडला होता.